एक घर, सहा फायली: जरीपटक्यातल्या एका कुटुंबाचे प्रकरण

या घरात माणसे नऊ मोजतात आणि राहतात आठ. नववा घरचा जावई. तो २९ जानेवारी २०२० रोजी आजारी वडिलांना भेटायला अटारीच्या सीमेवरून पाकिस्तानात गेला. दोन महिन्यांत परतायचे होते. तो अजून सिंधमधल्या घोटकी जिल्ह्यातच आहे आणि त्याची बायको-मुलगी नागपुरात. त्याला हद्दपार केले असे नाही, त्याच्यावर गुन्हाही नाही. व्हिसा, मुदती आणि कलमे यांचे सांधे जिथे जुळायला हवे होते तिथे जुळले नाहीत, एवढेच. ते कुठे सुटले, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

आधी एक खुलासा. हे कुटुंब जसेच्या तसे कुठल्या एका दारावर सापडणार नाही. पाकिस्तानातून आलेल्या सिंधी हिंदू कुटुंबांच्या फायलींत ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात त्या एका घरात बसवल्या आहेत आणि घरातल्या तारखा त्या हिशेबाने धरल्या आहेत. कायद्याच्या तारखा, कलमे आणि मुदती मात्र जशा आहेत तशाच.

सासरे, सासू आणि मुलगा १८ ऑगस्ट २०१२ रोजी भेटीच्या व्हिसावर आले आणि जरीपटक्यात नातेवाइकांकडे उतरले. फाळणीनंतर वसलेली ही सिंधी वस्ती, त्यामुळे सिंधी समाजाची पंचायत, ओळखी, दुकानात काम, सगळे तयार होते. तिघांनी दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, म्हणजे एलटीव्हीसाठी अर्ज केला. मोठी मुलगी लग्न होऊन घोटकीतच होती. ती नवरा आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन ९ फेब्रुवारी २०१६ रोजी आली. मुलाने २०१८ मध्ये मानेवाड्याच्या एका मराठी मुलीशी लग्न केले. घरातले कागद तेव्हापासून या सुनेकडे आहेत, म्हणून पुढची नाती तिच्या बाजूने सांगितली आहेत: सासरे, सासू, नवरा, नणंद, जावई, भाची. सहा माणसे, सहा फायली.

पहिली चूक इथेच होते. घर म्हणते, ‘आमची केस’. कायद्याला घर दिसत नाही, अर्जदार दिसतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात या सहा जणांची दारे वेगवेगळी आहेत.

सासऱ्यांचा जन्म १९६१ चा, पण त्यांचे वडील १९३६ मध्ये सक्करला जन्मले, म्हणजे अखंड भारतात. स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक अखंड भारतात जन्मलेला असला की माणूस ‘भारतीय वंशाचा’ ठरतो आणि कलम ५(१)(ए) खाली सात वर्षांच्या वास्तव्यावर नागरिक म्हणून नोंदणी मागू शकतो. सासूचेही तसेच, तिची आई १९४३ ची. त्यांच्या मुलांना मात्र हे दार बंद, कारण मुलांचे आई-वडील १९४७ नंतर जन्मलेले. एका पिढीने कलम बदलते. नवऱ्याला दोन वाटा होत्या: भारतीय व्यक्तीशी विवाह आणि सात वर्षे वास्तव्य हे ५(१)(सी), नाहीतर कलम ६ खाली देशीयकरण, म्हणजे दीर्घ वास्तव्यावर मिळणारे नागरिकत्व. नणंदेला यातले काहीच लागू नव्हते, कारण नवराही पाकिस्तानी आणि वास्तव्यही कमी. तिच्यासाठी सरळ बसते ते ५(१)(ई): ज्या सज्ञान व्यक्तीचे आई-वडील ५(१)(ए) किंवा ६(१) खाली नागरिक झाले आहेत, तिला नोंदणी मागता येते. म्हणजे नणंदेची फाइल सासू-सासऱ्यांच्या फायलींच्या मागे उभी. ती दोघे अडकली की ही अडकली.

नागपूरकरांना यात एक सोय आहे, तीही अनेकांना माहीत नसते. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने केंद्राने काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या सहा समुदायांच्या (हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन) लोकांना नागरिकत्व देण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्रातून नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे. ही मुदत दोन वर्षांची होती, २०१८ मध्ये ती पुढील आदेशापर्यंत वाढली. त्यामुळे सासू-सासऱ्यांची फाइल दिल्लीला न जाता सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयातच निकालात निघू शकते. पोलिसांचा आणि गुप्तचर यंत्रणेचा अहवाल यावा लागतो तो वेगळा.

४१ दिवस

सात वर्षे १८ ऑगस्ट २०१९ ला भरली आणि सप्टेंबरमध्ये दोघांचे अर्ज गेले. सासऱ्यांचा पुढे सरकला. सासूचा त्रुटी लागून परत आला. कारण पासपोर्टावरच्या दोन शिक्क्यांत होते: २२ ऑक्टोबर २०१८ ला बाहेर, १ डिसेंबर २०१८ ला आत. बहिणीच्या दिवसांना गेली होती.

‘सात वर्षे’ म्हणजे नेमके काय, हे लोक वाचत नाहीत. अर्जाच्या लगतचे १२ महिने सलग भारतात, आणि त्या १२ महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत एकूण सहा वर्षे. दुसऱ्या भागात सुट्या चालतात, पहिल्यात नाहीत. विशेष परिस्थितीत केंद्र सरकार १२ महिन्यांच्या अटीत सूट देऊ शकते, पण २०१५ च्या दुरुस्तीनुसार ती जास्तीत जास्त ३० दिवसांची, मग खंड एक असो की अनेक. सासूचे ४१ दिवस होते. अकरा दिवसांनी अर्ज पडला.

यावर उपाय साधा होता. २ डिसेंबर २०१९ पर्यंत थांबून अर्ज केला असता तर लगतचे १२ महिने सलग मिळाले असते आणि मागची सहा वर्षेही तेव्हा पुरत होती. तीन महिने घाई केली त्याचे पुढे वर्ष गेले, कारण अर्ज परत आला फेब्रुवारी २०२० मध्ये आणि मार्चमध्ये सगळेच बंद झाले. नवा अर्ज जानेवारी २०२१ मध्ये गेला. पोलीस अहवालाची वाट पाहता पाहता मार्च २०२२ मध्ये दोघांचे पाकिस्तानी पासपोर्ट संपले. कलम ५ च्या अर्जाला चालू पासपोर्ट आणि चालू एलटीव्ही, दोन्हींच्या प्रती लागतात. ज्या देशाचे नागरिकत्व सोडायचे त्याच देशाच्या दिल्लीतल्या उच्चायोगात नवा पासपोर्ट काढायला जायचे, असा हा प्रकार. त्यासाठी पुन्हा नागपूरबाहेर जाण्याची परवानगी आणि रेल्वेचा खर्च.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी पासपोर्टाचे प्रत्येक पान उघडून शिक्के एका कागदावर उतरवायचे. बाहेर गेल्याची तारीख, आत आल्याची तारीख, मधले दिवस. बोटावर मोजून नव्हे, कॅलेंडर घेऊन. या घरात हा कागद सुनेने २०२३ मध्ये केला आणि त्यानंतरच फायली सुरळीत झाल्या.

नावांचा घोळ त्याच वेळी निस्तरावा. सिंधकडच्या पासपोर्टात बहुधा स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव असते, आडनाव नसते. नागपुरात आधार काढताना कोणीतरी आडनाव जोडते, शाळेत तिसरेच लागते. पाकिस्तानी पासपोर्टातले नाव इथून बदलणे फार कठीण, म्हणून इथले कागद पासपोर्टाशी जुळवून घ्यावेत. उलटे करायला गेले की दोन्हीकडून अडकायला होते. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र लागतेच, पण ते शेवटचा आधार म्हणून. आठ कागदांवर आठ नावे असतील तर एक प्रतिज्ञापत्र सगळ्यांना झाकत नाही.

साठ दिवसांचा परतीचा कागद

आता जावई. एलटीव्हीवरचा माणूस पाकिस्तानात जाऊन परत येणार असेल तर निघण्यापूर्वी त्याला परतीची मुभा घ्यावी लागते. तिला ‘नोरी’ म्हणतात, म्हणजे परत येण्यास हरकत नाही असा व्हिसा. त्याची मुदत ६० दिवसांची. २९ जानेवारी २०२० पासून ती २९ मार्चला संपत होती आणि याने परतीची तारीख धरली होती २५ मार्च. चार दिवस हाताशी ठेवले म्हणजे सावधपणा केला, असे कोणालाही वाटेल.

१३ मार्चपासून भारताने जवळजवळ सगळे व्हिसा स्थगित केले. २५ मार्चला देशभर टाळेबंदी. नोरीची मुदत घरात बसून संपली. त्या काळात एलटीव्हीवरचे अनेक पाकिस्तानी हिंदू असेच पलीकडे अडकले होते. पुढे काही जणांना याद्या करून, ठरावीक दिवशी अटारीतून आत घेतले गेले. यादीत नाव यायचे तर नोरीची प्रत, एलटीव्हीचा आदेश आणि नागपूरचा पत्ता इस्लामाबादच्या भारतीय उच्चायोगाकडे वेळेत पोचायला हवा होता. जावयाच्या एलटीव्हीचा मूळ आदेश नागपुरात कपाटात होता आणि त्याच्याजवळ फोनवर काढलेला अर्धवट फोटो. सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येकाजवळ सगळ्या आदेशांच्या छायाप्रती असाव्यात आणि घरी त्याच्या पासपोर्टाची प्रत, ही गोष्ट फुकट आहे. या घराला ती फार महाग पडली.

दोनेक वर्षे गेली तशी त्याची एलटीव्हीही संपली, कारण नूतनीकरण भारतात राहून करायचे असते. मग पुन्हा पहिल्या पायरीवर: इस्लामाबादहून भेटीचा व्हिसा, त्यासाठी भारतातल्या यजमानाचे राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेले प्रायोजक प्रमाणपत्र, मग इथे येऊन पोलिसांत नोंद आणि नव्याने एलटीव्ही. सुनेने प्रमाणपत्र पाठवले. २०२२ चा अर्ज नामंजूर झाला.

नकाराला कारण देत नाहीत, पण फाइल पाहिली की भोक दिसते. अर्जात लिहिले होते, ‘पत्नी नागपुरात’. लग्नाचा पुरावा शून्य. यात त्या दोघांचा दोष नाही. लग्न २०१० चे, आणि सिंधमध्ये हिंदू विवाहाची नोंद करणारा कायदाच विधानसभेत फेब्रुवारी २०१६ मध्ये मंजूर झाला. त्याआधी तिथे हिंदूंचे लग्न सरकारी वहीत लागत नव्हते. हे जोडपे नेमके त्याच महिन्यात नागपुरात उतरले होते. हा कायदा आधीच्या लग्नांनाही नोंदणी देतो, तेव्हा जावयाने घोटकीत बसून करण्यासारखे एक काम होते आणि पहिली चार वर्षे ते कोणाच्या डोक्यात आले नाही. नोंदणी २०२४ च्या अखेरीस झाली. जानेवारी २०२५ मध्ये त्या प्रमाणपत्रासह नवा अर्ज गेला. या वेळी फाइल चांगली होती.

२२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला. २३ तारखेला अटारीची एकात्मिक तपासणी चौकी बंद करण्याचा निर्णय झाला आणि २४ तारखेला पाकिस्तानी नागरिकांसाठी व्हिसा सेवा तत्काळ स्थगित. दिलेले व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द, वैद्यकीय व्हिसा २९ पर्यंत. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेल्या एलटीव्ही मात्र कायम राहतील, असा खुलासा त्याच दिवशी आला. त्या आठवड्यात नणंद भाचीला घेऊन दोनदा पोलीस आयुक्तालयातल्या विदेशी नोंदणी शाखेत जाऊन आली. दोघींच्या एलटीव्ही चालू होत्या, त्यांना धक्का लागला नाही. जावयाचा अर्ज मात्र प्रलंबित होता. प्रलंबित अर्जाचा व्हिसा रद्द होत नाही. तो मिळतच नाही.

एकाच घरात दोन मार्ग

आता २०२४ कडे मागे यावे लागेल, कारण या घराचा सर्वांत विचारपूर्वक निर्णय तेव्हाचा. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे, म्हणजे सीएए चे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. त्याच तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ रोजी किंवा त्याआधी आलेल्या त्याच सहा समुदायांसाठी कलम ६बी चा वेगळा मार्ग खुला झाला. अर्ज ऑनलाइन. कागदपत्रांची तपासणी आणि निष्ठेची शपथ जिल्हास्तरीय समितीपुढे, जिचा प्रमुख डाक अधीक्षक. अंतिम निर्णय राज्यपातळीवरच्या अधिकारप्राप्त समितीचा, जिचे प्रमुख जनगणना संचालक. नागरिकत्व पोस्टात मिळते, अशी थट्टा वस्तीत तेव्हापासून चालते.

हा मार्ग सोपा आहे तो तीन कारणांनी. पाकिस्तानी पासपोर्टाची मुदत संपलेली असली तरी चालते. पाकिस्तानी उच्चायोगाचे त्यागपत्र लागत नाही, आपले जुने नागरिकत्व कायमचे संपले समजावे अशी घोषणा अर्जातच असते. आणि आल्याची तारीख सिद्ध करायला व्हिसा-शिक्क्यापासून शिधापत्रिका, वीजबिल, शाळेचा दाखला, नगरसेवकाचे प्रमाणपत्र असे बरेच पर्याय आहेत. शिवाय स्थानिक प्रतिष्ठित समाजसंस्थेचे पात्रता प्रमाणपत्र जोडायचे, जे पंचायत देते.

घरात आनंदीआनंद. सासू-सासरे, नवरा, तिघांचेही अर्ज ६बी खाली टाकून मोकळे व्हायचे ठरत होते. तसे झाले नाही ते बरे झाले.

नवऱ्यासाठी ६बी उत्तमच होते. त्याचे कारण धाकटा मुलगा. थोरली २०१९ ची, धाकटा जानेवारी २०२२ चा, दोघांचाही जन्म नागपूरचा. लोक समजतात की नागपुरात जन्मला म्हणजे भारतीय. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलासाठी कायदा एवढ्यावर थांबत नाही: दोन्ही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा त्या दिवशी ‘अवैध स्थलांतरित’ नसावा. धाकट्याच्या जन्माच्या वेळी बापाची एलटीव्ही चार महिने संपलेली होती, नूतनीकरण मार्चमध्ये झाले. २०१४ अखेरपर्यंत आलेल्यांना दुरुस्तीने ‘अवैध’ या व्याख्येतून वगळले आहे, म्हणून बचाव होता. पण पासपोर्ट काढताना दर वेळी हा बचाव कोण मांडत बसणार? ६बी ची खुबी अशी, की या कलमाखाली प्रमाणपत्र मिळालेला माणूस भारतात प्रवेश केल्याच्या तारखेपासून नागरिक मानला जातो. नवऱ्याला जानेवारी २०२५ मध्ये प्रमाणपत्र मिळाले आणि तो कायद्याने १८ ऑगस्ट २०१२ पासून भारतीय झाला. चार महिन्यांची खाच आपोआप बुजली. दोन्ही मुलांचे दोन्ही पालक जन्माच्या दिवशी नागरिक.

गंमत अशी, की त्याने अर्ज भारतीय नागरिकाचा पती म्हणून केला, तेव्हा सुनेलाही आपले नागरिकत्व सिद्ध करावे लागले. जन्म १९९४ चा, म्हणजे जन्मदाखल्यासोबत आई-वडिलांपैकी एक तरी नागरिक असल्याचा पुरावा. मानेवाड्याहून तिच्या बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधून आणायला तीन आठवडे लागले.

सासू-सासऱ्यांना मात्र ६बी कडे वळवले नाही. ५(१)(ई) पुन्हा वाचा: आई-वडील ‘५(१)(ए) किंवा ६(१) खाली’ नागरिक झालेले हवेत. तिथे ६बी चा शब्द नाही. ६बी खालच्या अर्जदारांसाठी त्या मार्गातच अपत्याचा वेगळा नमुना आहे, पण तो वापरायला अपत्य स्वतः २०१४ अखेरपर्यंत आलेले हवे. नणंद २०१६ ची. सासू-सासऱ्यांनी सोपा मार्ग धरला असता तर नणंदेच्या अर्जावर ‘तुमचे आई-वडील त्या कलमाखाली नाहीत’ अशी हरकत येण्याची वाट मोकळी झाली असती. ती हरकत न्यायालयात टिकली असती की नाही हा वेगळा प्रश्न. पण नागपूर खंडपीठात वाद घालण्यापेक्षा वाद उद्भवू न देणे स्वस्त. म्हणून दोघे जिल्हाधिकाऱ्यांकडच्या जुन्या फायलींवरच राहिले, पासपोर्ट नवे केले आणि वाट पाहिली.

स्वीकृतीचे पत्र डिसेंबर २०२४ मध्ये आले. त्यानंतर दिल्लीला जाऊन पाकिस्तानी नागरिकत्वाचा त्याग, त्याचे प्रमाणपत्र नागपुरात जमा, मग शपथ आणि नोंदणी. त्याग फेब्रुवारी २०२५ मध्ये उरकला हे नशीब, कारण १ मे पासून उच्चायोगाची माणसे ५५ वरून ३० वर आली. त्याग केला आणि प्रमाणपत्र हाती नाही, असा जो मधला काळ असतो तो नाजूक. माणूस तेव्हा कागदावर कुठलाच नसतो. या काळात प्रवास टाळायचा आणि स्वीकृतीपत्राची साक्षांकित प्रत खिशात ठेवायची. दोघांची नोंदणी जून २०२५ मध्ये झाली. ऑगस्टमध्ये नणंदेचा ५(१)(ई) चा अर्ज गेला.

३१ डिसेंबर, पण कोणत्या सालचा

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा लागू झाला, १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा, १९३९ चा विदेशी नोंदणी कायदा आणि १९४६ चा विदेशी नागरिक कायदा रद्द झाले. सोबत सवलतीचा आदेश निघाला: याच तीन देशांतून, याच सहा समुदायांचे जे लोक ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले, त्यांच्याकडे वैध कागद नसले किंवा त्यांची मुदत संपली तरी त्यांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट.

दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, ‘सीएए ची तारीख दहा वर्षांनी वाढली’. वस्तीत पेढे वाटले गेले. एका एजंटाने नणंदेला सांगितले, आता एलटीव्ही वाढवायची गरज नाही, माझ्याकडे ६बी चा अर्ज भरा.

दोन्ही सल्ले घातक. वाढलेली तारीख इमिग्रेशन कायद्याखालच्या सवलतीची आहे. मुदतीपेक्षा जास्त राहिल्याबद्दल नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड आहे, त्यापासून ती वाचवते. नागरिकत्व कायद्यातली तारीख ३१ डिसेंबर २०१४ होती आणि तीच आहे. आणि खरी मेख पुढे: कलम ५(१) खालचा कोणताही अर्ज ‘अवैध स्थलांतरित नसलेल्या’ व्यक्तीलाच करता येतो. मुदत संपून राहिलेली व्यक्ती नागरिकत्व कायद्याच्या व्याख्येत अवैध ठरते, आणि त्या व्याख्येतला अपवाद २०१४ पर्यंतचाच. नणंदेने एलटीव्ही सोडली असती तर तुरुंगात गेली नसती, पण तिचा ५(१)(ई) चा अर्ज मुळातच उडाला असता. नुकतेच उघडलेले दार तिने स्वतःच्या हाताने लावून घेतले असते.

तिच्या आणि भाचीच्या एलटीव्हीची मुदत फेब्रुवारी २०२६ ची. नूतनीकरणाचे अर्ज डिसेंबरमध्येच भरले. अर्जाची पोच छापून ठेवली आहे, कारण मुदत आधी संपली आणि आदेश नंतर आला तर खंड पडला नव्हता हे त्या पोचेवरूनच दाखवता येते. आदेश आल्यावर त्यात ‘पूर्वीची मुदत संपल्याच्या दिनांकापासून’ असे शब्द आहेत ना, हे खिडकीवरच वाचून घ्यायचे.

नणंदेपुढचा प्रश्न

नणंदेला स्वीकृतीपत्र आले की तिलाही पाकिस्तानी नागरिकत्व सोडावे लागेल. इथे कागदाचे काम संपते आणि दुसरेच सुरू होते. तिने सुनेला विचारले, ‘भाभी, मी इथली झाले की मी त्यांची कोण?’

आज ती पाकिस्तानी पासपोर्टावर परवानगी घेऊन नवऱ्याकडे जाऊ शकते. परत येऊ शकत नाही, कारण व्हिसा सेवा बंद आहे. अशा वेळी नोरीवर भरवसा ठेवून निघणे म्हणजे २०२० ची पुनरावृत्ती. तिथे गेली तर वास्तव्याचा खंड, एलटीव्ही संपणे, ५(१)(ई) चा अर्ज पडणे, सगळे ओघाने आले, आणि भाचीची शाळा इथे.

भारतीय झाली तर घोटकीला जायला तिलाच परदेशी म्हणून व्हिसा मागावा लागेल. पण एक गोष्ट सुटते, तिसऱ्या देशात भेटणे. आज तिला दुबईला जायचे म्हटले तरी आधी बाहेर जाण्याची आणि मग परतीची परवानगी हवी. भारतीय पासपोर्टावर तसे नाही. दोन्ही देशांत विभागलेली कितीतरी कुटुंबे आखातातच भेटतात. खर्च मोठा आहे आणि जावयाला तिथला व्हिसा मिळेलच असेही नाही. पण सहा वर्षांत पहिल्यांदा एक वाट अशी आहे जी अटारीवरून जात नाही.

आणि पुढे व्हिसा सेवा उघडली तर नागपुरात पत्नी, तिचे आई-वडील आणि भाऊ, चौघे भारतीय, लग्नाची नोंद हातात, पत्ता एकच, अशी जावयाची फाइल २०२२ पेक्षा खूप भक्कम असेल. एक खोच लक्षात ठेवावी: एलटीव्हीमध्ये भारतीयाशी लग्न झाल्याच्या आधारावर जो गट आहे तो पाकिस्तानी, बांगलादेशी स्त्रियांचा. पुरुषाला पत्नीच्या नात्यावर तो मिळत नाही. जावयाला अल्पसंख्याक समुदायाचा म्हणूनच अर्ज करावा लागेल, म्हणून घोटकीच्या पंचायतीचा आणि देवस्थानाचा दाखला आतापासून तयार हवा. त्याची २०१६ च्या प्रवेशाची प्रत, जुना एलटीव्ही आदेश, नोरी, २०२० चा बाहेर पडल्याचा शिक्का, वडिलांचा मृत्युदाखला, दोन्ही व्हिसा अर्जांच्या पावत्या, हे सगळे दोन्हीकडे एकेक संच करून ठेवले आहे. कायदा मोडून तो तिथे राहिला नाही, हे दाखवणारा एवढाच पुरावा आहे.

नणंदेने त्याग करायचे ठरवले आहे. जावयाचे म्हणणेही तेच. तरी स्वीकृतीपत्र हातात पडेपर्यंत सही करायची नाही, असे दोघांत ठरले आहे.

भाची

सर्वांत अवघड फाइल सर्वांत लहान माणसाची निघाली. भाचीचा जन्म नोव्हेंबर २०११ चा, घोटकीचा. आई भारतीय झाली तरी ही आपोआप होत नाही. ५(१)(डी) मध्ये ‘नागरिक असलेल्या व्यक्तींची अज्ञान मुले’ असे आहे आणि तिथे दोन्ही पालकांकडे पाहिले जाते. बाप पाकिस्तानी, म्हणून विशेष परिस्थितीतल्या अज्ञान मुलांसाठीचे कलम ५(४) धरावे लागेल. त्या अर्जावर बापाची सही मिळवायची तर कागद घोटकीहून यायला हवा, आणि टपालाचा भरवसा नाही.

दुसरी अडचण त्यागाची. पाकिस्तानी कायद्यात नागरिकत्वाचा त्याग २१ वर्षांखाली करता येत नाही. केरळमध्ये दोन पाकिस्तानी मुलींच्या बाबतीत नेमका हा पेच उभा राहिला: पासपोर्ट जमा केलेले, त्यागपत्र मिळत नाही. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी त्यागपत्राशिवाय नागरिकत्व द्यावे असे सांगितले, २०२५ मध्ये खंडपीठाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा त्या आधारावर भाचीचा अर्ज आज नेला तर लटकण्याची शक्यता जास्त. तिला २१ पूर्ण होतील नोव्हेंबर २०३२ मध्ये. तोवर ती एलटीव्हीवर राहील आणि १८ झाली की तिची एलटीव्ही आईपासून वेगळी, स्वतःच्या सहीची असेल. ५(४) चा अर्ज आईच्या नोंदणीनंतर लगेच टाकून ठेवायचा, त्यागाच्या जागी पासपोर्ट जमा केल्याची पावती आणि उच्चायोगाचे ‘वय बसत नाही’ असे लेखी उत्तर जोडायचे, असे सध्या ठरले आहे. ते लेखी उत्तर मिळवणे हेच पहिले काम.

भाची नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरायचा. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि पाकिस्तानी पासपोर्टावर तिचे नाव तीन प्रकारे लिहिलेले आहे, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर जे छापले जाईल ते पुढे आयुष्यभर चिकटते. सुनेने शाळेत नावदुरुस्तीचा अर्ज दिला आहे, पासपोर्टावरच्या नावाप्रमाणे, आडनाव वगळून. शाळेने बापाची सही मागितली आहे.